नव्या गाडीचा अल्टरनेटर खरंच गेलाय का, हे कसं तपासायचं

पावसाळा लागला की मुंबईतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाड्यांची रांग लागते. बोनेट उघडायचं, बॅटरीला मीटर लावायचा, इंजिन चालू करायचं आणि आकडा साडेतेराच्या खाली दिसला की सांगून टाकायचं, ‘चार्जिंग कमी आहे, अल्टरनेटर गेला.’ अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र. जुन्या गाडीसाठी ही पद्धत बरोबर होती. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत मात्र १२.७ व्होल्ट हा आकडा बिघाडाचा नसतो. गाडीच्या कॉम्प्युटरने त्या क्षणी मुद्दाम तेवढाच ठेवलेला असतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले अल्टरनेटर काढले जातात, नवे बसवले जातात, हजारो रुपये जातात आणि पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा सेल्फ घेत नाही.

म्हणून हा लेख. एक बरा डिजिटल मल्टिमीटर आणि थोडा धीर एवढं असलं तर यातली बहुतेक तपासणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते. मीटर लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. फक्त डीसी करंट १० ॲम्पियरपर्यंत मोजणारा घ्या आणि त्याच्या वायरी जाड, नीट इन्सुलेशनच्या आहेत ना ते हातात घेऊन बघा.

आधी गाडी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलकडे बघा. तिथे नुसती जाड काळी वायर बोल्टने आवळलेली असेल तर व्यवस्था बहुधा जुन्या धाटणीची आहे. टर्मिनलला चिकटूनच काड्यापेटीएवढी प्लॅस्टिकची डबी आणि तिच्यातून निघालेल्या एक-दोन बारीक वायरी दिसल्या, तर तो बॅटरी सेन्सर. बॅटरीत किती करंट जातो, किती बाहेर येतो, व्होल्टेज किती, तापमान किती हे तो सतत मोजून इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतो. अशी गाडी ‘स्मार्ट चार्जिंग’वाली.

सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होत असेल तर ती स्टार्ट-स्टॉप गाडी. तिच्या बॅटरीच्या लेबलवर ईएफबी किंवा एजीएम असं लिहिलेलं असतं; हे साध्या बॅटरीपेक्षा दणकट प्रकार. माइल्ड हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिनाला विजेची थोडीशी मदत मिळणाऱ्या गाडीत, अल्टरनेटरच्या जागी स्टार्टर आणि जनरेटर ही दोन्ही कामं करणारं एकच यंत्र असतं, आयएसजी. आपल्याकडे मारुतीने २०१५ मध्ये डिझेल सियाझला ते दिलं आणि मग ते सर्वसामान्य गाड्यांत पसरलं. २०१८ च्या पेट्रोल सियाझमध्ये नेहमीच्या बॅटरीसोबत छोटी लिथियम-आयनही आली. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (जी थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालते) आणि सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांत नेहमीचा अल्टरनेटर नसतोच. त्यांच्याबद्दल शेवटी बोलू.

खात्री नसेल तर मॅन्युअलमध्ये बॅटरीचं पान काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे.

कंपन्यांनी हे का बदललं

अल्टरनेटर फुकट वीज देत नाही. १४ व्होल्टला १०० ॲम्पियर म्हणजे १४०० वॉट. कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यासाठी पट्ट्यावरून सुमारे २३०० वॉट, म्हणजे तीन हॉर्सपॉवरहून जास्त ताकद इंजिनाला द्यावी लागते. ती पेट्रोल-डिझेलमधूनच येते. भारतात सरासरी इंधन वापराचे कॅफे निकष २०१७ मध्ये लागू झाले आणि २०२२ मध्ये आणखी कडक झाले. एकेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचवायचा म्हटल्यावर अल्टरनेटरवर नजर जाणारच होती.

आतली रचना फारशी बदललेली नाही. मधे फिरणारा रोटर, त्याला कार्बन ब्रशमधून मिळणारा दोन-पाच ॲम्पियरचा करंट, भोवती स्टेटरच्या तीन फेजच्या वाइंडिंग, आणि तिथली एसी वीज डीसी करणारे डायोड. रोटरचा करंट वाढवला की वीज वाढते, कमी केला की घटते. जुन्या गाडीत हे काम रेग्युलेटर एकटाच करायचा आणि व्होल्टेज कायम १३.८ ते १४.४ च्या दरम्यान धरून ठेवायचा. इंजिन चढावर धापा टाकत असो वा उतारावर मोकळं असो, त्याला फरक पडत नसे.

आता तोच रेग्युलेटर ईसीयूकडून एका बारीक वायरीवरून हुकूम घेतो. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा ईसीयू अल्टरनेटरचा भार कमी करतो आणि व्होल्टेज १२.५ ते १३ पर्यंत उतरतं. पाय काढला, गाडी स्वतःच्या वेगाने पुढे जातेय, तेव्हा तो पूर्ण जोर लावून १४.८, कधी १५ व्होल्टपर्यंत चढवतो. ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा अशी बॅटरीत येते. यासाठी बॅटरीत जागा रिकामी हवी, म्हणून अशा गाड्या बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. मुंबईकरासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. तुमची बॅटरी आधीच पूर्ण भरलेली नसते आणि त्यात आपला रोजचा वापर तिला आणखी रिकामी करतो.

बाकीच्या सुधारणा थोडक्यात. स्टेटरमध्ये गोल तारेऐवजी चौकोनी तांब्याच्या सळ्या येऊ लागल्या, त्यामुळे तेवढ्याच जागेत तांबं जास्त मावतं आणि उष्णता कमी होते. काही अल्टरनेटरमध्ये डायोडऐवजी मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आले, कारण डायोडमध्ये प्रत्येकी जवळपास एक व्होल्ट वाया जातो. आणि पुली एका दिशेला मोकळी फिरणारी झाली, त्यामुळे पट्ट्याला झटके बसत नाहीत. ही पुली जाम झाली की इंजिन बंद करताना कर्रकन आवाज येतो. तो ऐकून अख्खा अल्टरनेटर बदलू नका, पुली वेगळी मिळते.

पहिली तपासणी: सकाळी, गाडी उठवण्याआधी

रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. बोनेट आदल्या रात्रीच उघडून नुसतं टेकवून ठेवा, म्हणजे सकाळी दार उघडावं लागणार नाही. दार उघडलं की ईसीयू जागे होतात, आतले दिवे लागतात आणि आकडा खोटा येतो. चावी घरातच राहू द्या.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवा; क्लॅम्पवर नाही. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. एजीएममध्ये हे आकडे थोडे वर असतात, भरलेली असेल तर १२.८ च्या पुढे. स्मार्ट चार्जिंगच्या गाडीत १२.४-१२.५ दिसलं तर घाबरू नका. १२.२ च्या खाली रोजच राहत असेल तर मात्र बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसू लागतो आणि ती नंतर कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही.

दुसरी: सेल्फ मारताना

मीटरवर मिन-मॅक्स (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा धरून ठेवणारं बटण) असेल तर ते लावा, नसेल तर कुणालातरी सेल्फ मारायला सांगून आकड्यावर डोळा ठेवा. बॅटरी नीट चार्ज असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. खाली गेलं तर बॅटरीची ताकद संपत आलीय. आकडा ११ च्या आसपासच राहिला आणि तरी सेल्फ सुस्त फिरतोय, तर दोष बॅटरीत नाही. तिथून स्टार्टरपर्यंतच्या वायरीत, अर्थिंगमध्ये किंवा स्टार्टरमध्येच आहे.

तिसरी: चार्जिंग, आणि इथेच गफलत होते

साध्या गाडीचं सोपं आहे. इंजिन आयडलवर, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर चालू. बॅटरीवर १३.५ च्या वर दिसलं आणि थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर १३.८ ते १४.५ मध्ये स्थिर राहिलं तर अल्टरनेटर ठीक. १५ च्या वर सतत जात असेल तर रेग्युलेटर गेला. अशी गाडी चालवत राहू नका, बॅटरी उकळते आणि इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं.

स्मार्ट गाडी उभी करून तपासणं अपुरं आहे. आधी सगळा भार चालू करा. हेडलाइट किंवा वायपर लावल्यावर अनेक गाड्या स्वतःच व्होल्टेज वाढवतात. तेवढ्याने वाढलं नाही तर निष्कर्ष काढू नका, गाडी रस्त्यावर न्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावा, किंवा ओबीडी ॲडॅप्टर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा) लावून मोबाइलवर बघा. आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, चालवणाऱ्याने नाही.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका काकांना एका वर्कशॉपने अल्टरनेटर बदलायचा सल्ला दिला होता. ‘अरे, मीटरवर १२.७ च दाखवतोय, मी स्वतः पाहिलं,’ ते म्हणाले. मी त्यांना म्हटलं, ‘काका, उद्या सकाळी एक चक्कर मारू, मग ठरवा.’ रविवारी सकाळी पूर्व द्रुतगती महामार्ग मोकळा होता. पुलावर चढताना सॉकेटमधल्या मीटरवर १२.८. वर पोचून उतार लागला, काकांनी पाय काढला आणि दोन सेकंदांत आकडा १४.९ वर गेला. खाली येऊन परत ॲक्सिलरेटर दाबला, पुन्हा १२.९. प्रत्येक पुलावर तेच. अल्टरनेटर ठणठणीत होता आणि ईसीयूचं ऐकतही होता. परत येऊन बोनेट उघडलं तर स्टार्ट-स्टॉप गाडीत साधी, पाणी घालायची बॅटरी बसवलेली. वर्षभरापूर्वी बदलताना ती स्वस्त पडली होती. रोज अर्धवट चार्ज होणं आणि सिग्नलागणिक सेल्फ मारणं साध्या बॅटरीला झेपत नाही. तिने मान टाकली होती. ईएफबी बसवली, प्रश्न संपला.

तर खूण अशी धरा: व्होल्टेज खाली-वर होत असेल तर व्यवस्था जिवंत आहे. अर्ध्या तासाच्या ड्राइव्हमध्ये ते एकदाही १३.५ च्या वर गेलं नाही आणि हळूहळू उतरतच राहिलं, तर खरंच चार्जिंग होत नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा. स्मार्ट गाडीत आकडा कधीच हलत नाही, कायम १३.५-१४ ला चिकटलेला आहे, तर ईसीयू आणि रेग्युलेटरमधला संपर्क तुटलेला असू शकतो. असा संपर्क तुटला की बरेच रेग्युलेटर एक ठरावीक व्होल्टेज धरून बसतात. गाडी चालते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

डायोड तपासायला मीटर एसी व्होल्टवर फिरवा आणि इंजिन चालू असताना, भार लावून बॅटरीवर टेकवा. अर्ध्या व्होल्टच्या जवळ किंवा वर एसी दिसलं तर एखादा डायोड गेलाय. असा अल्टरनेटर डीसी आकडा बरा दाखवतो पण पूर्ण करंट देत नाही, आणि कधी कधी गाडी बंद असताना बॅटरी उलट त्याच्यातूनच उतरते.

चौथी: वायरी, ज्या कुणीच तपासत नाही

समुद्राची खारी, दमट हवा हे आपल्या शहराचं वेगळं दुखणं आहे. टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी, बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज, क्लॅम्प वरून घट्ट पण आतून हिरवा पडलेला. वांद्रे, वर्सोवा, कुलाब्याच्या उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास बघायला मिळतं.

इंजिन चालू, भार चालू. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड आउटपुट बोल्टवर, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. पट्टा आणि पंख्यापासून हात, बाही, वायर लांब ठेवा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधल्या वायरीत किंवा जोडात अडथळा आहे. मग अल्टरनेटरची धातूची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह, इथे ०.२ च्या आत हवं. नवा अल्टरनेटर घेण्याआधी हे दोन आकडे माझ्या मते प्रत्येकाने मागायलाच हवेत.

टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह सोडा, लावताना तो शेवटी. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. सेन्सरची डबी ओढू-पिरगळू नका. पट्टाही याच वेळी बघा. नव्या प्रकारच्या रबराच्या पट्ट्याला जुन्यासारख्या भेगा पडत नाहीत. तो आतल्या खाचांत झिजतो आणि बाहेरून नवा दिसतो. पाणी उडाल्यावर चीं आवाज करून थोड्या वेळाने गप्प होत असेल तर पट्टा किंवा त्याचा टेन्शनर बदलायला आलाय.

पाचवी: उभ्या गाडीत बॅटरी कोण खातं

बंद गाडीत ५० मिलिॲम्पियरपर्यंत गळती साधारण मानली जाते. तेवढ्यानेही दिवसाला १.२ ॲम्पियर-तास जातात. पंधरा दिवसांत १८. छोट्या गाडीची बॅटरी ३५ ॲम्पियर-तासांची, म्हणजे निम्मी संपली. त्यात पार्किंग मोडवाला डॅशकॅम २५० मिलिॲम्पियर घेत असेल तर रोजचे ६ ॲम्पियर-तास आणखी. लोकलने ऑफिसला जाणाऱ्याची गाडी आठवडाभर उभी असते आणि शनिवारी सेल्फ घेत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या हिशेबात असतं.

मोजण्यासाठी बोनेटचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला बोनेट बंद आहे असं वाटेल; काम झाल्यावर हँडल ओढून ते आठवणीने मोकळं करा. दारं बंद, गाडी लॉक, चावी लांब. निगेटिव्ह वायर सोडून ती वायर आणि बॅटरीची खुंटी यांच्या मधे मीटर १० ॲम्पियरच्या सॉकेटवर जोडा आणि पाऊण तास थांबा. सगळे ईसीयू झोपायला एवढा वेळ लागतो. त्याआधीचा आकडा निरर्थक. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नका, लगेच त्याचा फ्यूज उडेल. आकडा जास्त आला तर फ्यूज उपटत बसण्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या बिंदूंवर टेकवा. ज्यावर काहीतरी मिलिव्होल्ट दिसतील त्या सर्किटमधून करंट वाहतोय. फ्यूज काढला की झोपलेला ईसीयू जागा होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मुंबईचा हिशेब

संध्याकाळचे सात, पाऊस, सायनला गाडी मुंगीच्या पावलांनी सरकतेय. हॅलोजन हेडलाइट ९ ॲम्पियर, ब्लोअर जोरात १५ ते २०, रेडिएटरचा पंखा १५ च्या आसपास, वायपर ४-५, डिफॉगर १० च्या वर, इंजिनची पेट्रोल पंप-इंजेक्टर वगैरे मंडळी १०. बेरीज साठ-सत्तर. अल्टरनेटरवर ९० ॲम्पियर लिहिलेलं असलं तरी ते हजारो आरपीएमवर. आयडलला तो त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. उरलेला करंट बॅटरीतून जातो. वीस ॲम्पियरची तूट अर्धा तास राहिली तर दहा ॲम्पियर-तास गेले. म्हणून अशा ट्रॅफिकमध्ये काच स्वच्छ झाली की डिफॉगर बंद करा, ब्लोअर एक घर खाली आणा. फरक पडतो.

मग ‘रविवारी अर्धा तास फिरवून आणतो’ हे पुरतं का? उभी गाडी आयडलवर ठेवून तर अजिबात नाही, आणि रस्त्यावरही अर्ध्या तासात निम्मी रिकामी बॅटरी भरत नाही. दादरला विरार लोकलमध्ये पहिली गर्दी झटक्यात आत जाते आणि शेवटच्या चार जणांना पाय ठेवायला जागा मिळेपर्यंत वेळ लागतो, बॅटरीचंही तसंच आहे. ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, शेवटच्या २० टक्क्यांना काही तास लागतात.

माझा ठाम सल्ला: पार्किंगमध्ये प्लग मिळत असेल तर ४ ते ८ ॲम्पियरचा ऑटोमॅटिक चार्जर घ्या आणि महिन्यातून एकदा रात्रभर लावा. एजीएम असेल तर तो मोड निवडा. पॉझिटिव्ह बॅटरीला, निगेटिव्ह मात्र सेन्सर असेल तर इंजिन किंवा बॉडीच्या धातूला, म्हणजे आत गेलेला करंट सेन्सरला कळतो. थेट खुंटीला लावलं तर बॅटरी भरते पण गाडीला ती रिकामीच वाटते. स्टॅक पार्किंगमध्ये प्लग मिळत नाही. तिथे आठवड्यातून एकदा तासभर सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवणं एवढाच मार्ग आहे. कोस्टल रोडवर किंवा अटल सेतूवर भल्या सकाळी जाता आलं तर उत्तम.

उष्णता हा दुसरा शत्रू. तापमान दर १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्याने घटतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून बॅटरीभोवतीचं कापडी किंवा प्लॅस्टिकचं आवरण फेकू नका, ते इंजिनची धग अडवायला असतं.

पाणी भरलं तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते आठवणारे आजही गाडी पाण्यात घालत नाहीत. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन आणि अंधेरी सबवे ही नावं आपल्याला पाठ आहेत. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंजिनच्या खालच्या अंगाला असतो. पाणी लागून तो तिथल्या तिथे मरतोच असं नाही. गाळ कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात त्या रोटरवरच्या कड्यांमध्ये (स्लिप रिंग) अडकतो, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं आणि काही आठवड्यांनी घरघर सुरू होते. अशा पाण्यातून गाडी गेली असेल तर पुढच्या महिन्याभरात तिसरी तपासणी पुन्हा करा आणि आवाजाकडे कान ठेवा. पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर गेलं असेल तर सेल्फ मारूच नका, इंजिनात पाणी असेल तर ते कायमचं जातं. टोइंगच बोलवा.

जंप देताना

दोन्ही गाड्या बंद. लाल केबल आधी बसलेल्या (उतरलेल्या) बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग दुसरीचा सेल्फ मारा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याला जंप द्यायला बऱ्याच कंपन्यांची मनाई असते. शेजाऱ्याला मदत करण्याआधी मॅन्युअल बघा.

बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलायची वेळ आलीच तर

एजीएमच्या जागी एजीएम, ईएफबीच्या जागी ईएफबी किंवा एजीएम. खाली उतरू नका. लेबलवरचा नंबर अक्षरासकट जुळवा. शेवटचं एल किंवा आर चुकलं तर टर्मिनल उलट्या बाजूला येतात आणि वायर पोचत नाही, किंवा पोचवली तर त्याहून वाईट. उत्पादनाची तारीख बघा. काही गाड्यांत, विशेषतः जर्मन, नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरने नोंद करावी लागते. नाहीतर गाडी नव्या बॅटरीलाही जुन्या, थकलेल्या बॅटरीसारखंच चार्ज करत राहते. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या, तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात.

अल्टरनेटर नादुरुस्तच निघाला तर आधी विचारा, ‘दादा, नेमकं काय गेलंय?’ कार्बन, बेअरिंग, डायोड प्लेट, रेग्युलेटर हे बऱ्याच अल्टरनेटरमध्ये सुटे मिळतात आणि चांगला कारागीर ते खात्रीने बदलतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना अल्टरनेटरही मिळेल, पण स्मार्ट गाडीसाठी घेताना तो नुसता बसतोय आणि प्लग जुळतोय एवढ्यावर जाऊ नका. प्लग सारखा आणि आतली भाषा वेगळी असू शकते. मग ईसीयू हुकूम देतो, रेग्युलेटरला तो कळत नाही आणि बॅटरीचा दिवा लागलेलाच राहतो. पार्ट नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा.

इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड

इथे अल्टरनेटरचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. मोठ्या बॅटरीचं शेकडो व्होल्टचं व्होल्टेज तो १४ च्या आसपास उतरवून १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला देतो. फिरणारं काही नाही, पट्टा नाही, कार्बन नाही, आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं तरी पुरवठा पूर्ण. मुंबईच्या वापराला ही व्यवस्था खरोखर जास्त चांगली आहे. नारिंगी केबलना आणि त्यांच्या जोडांना मात्र हात लावायचा नाही, मीटरही नाही. गाडी पाण्यात बुडाली असेल तर जवळही जाऊ नका.

फसगत होते ती १२ व्होल्टमुळे. दारं, डिस्प्ले, ईसीयू आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे कॉन्टॅक्टर हे सगळं त्याच छोट्या बॅटरीवर चालतं. ती बसली तर मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असूनही गाडी मेलेली. पहिली, सकाळची तपासणी इथेही तशीच करा. गणपतीला कोकणात जाताना गाडी इथेच राहणार असेल, तर उभ्या स्थितीत ती १२ व्होल्टची बॅटरी आपोआप भरते का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा. काही गाड्या भरतात, काही नाही. रिमोटमधली धातूची चावी कुठे लागते आणि बोनेट कसं उघडायचं हेही एकदा करून ठेवा.

बसलीच, तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बिंदूंवर १२ व्होल्टचा जंप द्या. इथे सेल्फ फिरवायचा नसतो, ईसीयू जागे झाले की पुरे. डिस्प्लेवर ‘रेडी’ आलं की कन्व्हर्टर सुरू होतो. केबल काढा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावा. साडेतेरा-चौदाच्या आसपास दिसलं तर तासभर गाडी रेडीत ठेवून भरू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. आकडा बारावरच राहून उतरत असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, कन्व्हर्टर तपासायला गाडी फ्लॅटबेडवरून सर्व्हिस सेंटरला न्या.